सेकंड हँड क्रूझर घ्यायचीय? आधी वही काढा

गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी सात सेकंड हँड क्रूझर, म्हणजे बसक्या, पाय पुढे टाकून चालवायच्या मोटरसायकली, बघितल्या आणि सातवी घेतली. पहिली बघायला गेले तेव्हा माझ्याकडे उत्साहाशिवाय काहीच नव्हतं. टाकीला मॅट काळा रंग, मागे ऐसपैस बॅकरेस्ट, विकणारा मुलगा बोलायला गोड. टोकनचे पाच हजार काढायला मी पर्स उघडली आणि वरच्या गॅलरीतून त्याच्या शेजारच्या काकांनी हाक मारली, "अरे, बॅटरी बदललीस का तिची? काल चौघं ढकलत होतात ना!" पर्स बंद केली.

घरी येऊन वही केली. आपण तुलना करतो ती मॉडेलची: ही बरी की ती, हिचं अॅव्हरेज किती, तिचा पिकअप कसा. पण पाच-सहा वर्षं वापरलेल्या दोन सारख्याच मॉडेलच्या गाड्यांत जेवढा फरक असतो, तेवढा कधीकधी दोन वेगळ्या मॉडेलांतही नसतो. म्हणून तुलना समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीची करायची, आणि प्रत्येक गाडीला तीच फूटपट्टी लावायची. ती फूटपट्टी मी कशी आखली, ते पुढे क्रमाने सांगते.

१. आधी स्वतःचं माप घ्या

माझी उंची पाच फूट दोन इंच. क्रूझर हवी होती त्याचं निम्मं कारण हेच, की दोन्ही टाचा जमिनीला टेकतात. बजाजच्या अॅव्हेंजर २२० ची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, रॉयल एनफील्डच्या मिटिओर ३५० ची ७६५, सुपर मिटिओर ६५० ची ७४०. कागदावर सुपर मिटिओर मला मिटिओरपेक्षा सोयीची वाटली. प्रत्यक्ष बसल्यावर कळलं की तिचे फूटरेस्ट इतके पुढे आहेत की ब्रेकवर पाय ठेवायला मला सीटवरून पुढे सरकावं लागतं. बुटक्यांनी सीटच्या उंचीबरोबर पायांची पोचही बघायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं माप वजनाचं. अॅव्हेंजर १६० किलोच्या आसपास, मिटिओर १९१, सुपर मिटिओर २४१. चालताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे गाडी उतारावर तोंड करून लावलेली असते आणि सकाळी मागे ओढून काढायची असते. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, थोड्या चढावर तिला मागे ढकलून बघा. तीन फूट ढकलता आली नाही तर रोजच्या वापराला ती तुमची गाडी नव्हे.

तिसरं माप मागे बसणाऱ्याचं. माझी आई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसते. क्रूझरची मागची सीट बऱ्याचदा तळहाताएवढी असते. जावा पेराक किंवा ४२ बॉबर ह्या तर एकट्याच्याच गाड्या. दिसायला देखण्या, पण मागे आईला बसवायचं असेल तर तो विषय तिथेच संपतो. साडी गार्ड काढून ठेवलेला असेल तर तो मागून घ्या. मोटर वाहन नियमांनुसार तो असायलाच हवा, आणि विकणाऱ्याच्या माळ्यावर तो हमखास पडलेला असतो.

२. मॉडेलची यादी तीनच्या वर नेऊ नका

आपल्याकडे बाजारात सहज मिळणाऱ्या जुन्या क्रूझर मोजक्याच.

बजाज अॅव्हेंजर: सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत हलकी, तालुक्याच्या गावातही स्पेअर मिळतो. एक सापळा मात्र आहे. १५०, १६०, १८०, २२० अशा वेगवेगळ्या इंजिनांत ही गाडी आली आणि जाहिरातीत नुसतं 'अॅव्हेंजर' लिहिलेलं असतं. लांब जायचं असेल तर २२० च बघा. ऑइल कूल्ड इंजिन आहे, १९ बीएचपीच्या आसपास ताकद. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी चढताना मागे माणूस असला तरी ती कुरकुरत नाही. १५० कुरकुरते.

रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ३५०: २०२० च्या आधीची. वीस लिटरची टाकी हे तिचं खरं वैभव. इंजिन जुन्या पिढीचं, हँडलला झिणझिण्या येतात, काहींना त्याच आवडतात. मिस्त्री लोक हिची सेल्फ आधी ऐकतात. स्टार्ट करताना आतून 'खडाक' असा आवाज आला तर स्प्रॅग क्लचचा, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणाऱ्या भागाचा, खर्च धरायचा.

रॉयल एनफील्ड मिटिओर ३५०: नोव्हेंबर २०२० मध्ये आली. इंजिन नव्या पिढीचं, मऊ चालतं, ट्यूबलेस टायर. पंधरा लिटरची टाकी.

त्यावरच्या गटात सुपर मिटिओर ६५०, कावासाकी व्हल्कन एस, हार्ले स्ट्रीट ७५०. या गाड्या लाख-दीड लाखाने स्वस्त दिसल्या तरी एक टायर, एक डिस्क, एक आरसा काय किमतीला पडतो ते आधी विचारा. मॉडेल बंद झालेलं असेल तर पार्ट किती दिवसांत येतो हेही विचारा. फोनवर "मागवावा लागेल" हे उत्तर दोनदा आलं की मी त्या गाडीवर काट मारली.

वर्षं निवडताना दोन तारखा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक आलं, म्हणजे अॅव्हेंजरसारख्या गाडीचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. २०१८-१९ च्या गाडीत एबीएस आहे असं मालक छातीठोकपणे सांगेल. पुढच्या डिस्कच्या मध्ये दातेरी कडं दिसतं का ते तुम्ही बघा. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालली की विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर बिघाड लपवायला कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

भावाच्या बाबतीत आणखी एक तारीख: २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाला. मिटिओर ३४९ सीसीची, त्यामुळे नवीच स्वस्त झाली. पण जुनी विकणारा अजून स्वतःच्या जुन्या बिलाकडे बोट दाखवून भाव सांगतो. आजचा नव्या गाडीचा ऑन-रोड भाव शोरूममधून लिहून आणा आणि त्याच्यासमोर ठेवा. ६५० वाल्यांच्या बाबतीत हे उलटं फिरतं, ते जुन्या गाडीला चढा भाव सांगणार.

३. वही आखा

एका पानावर एक गाडी. वर नंबर, मॉडेल, महिना-वर्ष, कितवा मालक. खाली डाव्या रकान्यात बघायच्या गोष्टी, मधे काय दिसलं, उजवीकडे ते नीट करायला किती रुपये. उजवा रकाना रिकामा ठेवायचा नाही. 'टायर जुने' असं लिहून काही होत नाही, 'टायर जोडी ९,०००' असं लिहिलं की तुलना करता येते. हे आकडे आधी तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडून आणि स्पेअरच्या दुकानातून काढून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

४. फोनवरच निम्मी गाडी कळते

जायच्या आधी एवढं विचारा: आरसीवर (नोंदणीपत्रावर) नाव कुणाचं? तुम्ही कितवे मालक? लोन होतं का, बोजा उतरवलाय का? दोन्ही चाव्या आहेत का? सायलेन्सर ओरिजनल आहे का? शेवटची सर्व्हिस कुठे आणि कधी?

उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त बोलते. "गाडी मित्राची आहे, मी फक्त दाखवतोय" म्हणजे दलाल. दलाल वाईटच असतो असं नाही, पण त्याला गाडीचा इतिहास माहीत नसतो आणि कमिशन तुमच्याच खिशातून जातं. "वडिलांच्या नावावर आहे, ते मागच्या वर्षी गेले" असं उत्तर आलं तर गाडी आधी वारसाच्या नावावर चढायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. ते झाल्याशिवाय पैसे नकोत, कितीही भला माणूस असला तरी.

शेवटी सांगायचं, "मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका." याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

आणि माझ्यासारख्या बायकांसाठी: "मॅडम, बघायला भाऊ येणार आहे का?" हे मला सातपैकी पाच जणांनी विचारलं. "नाही, मिस्त्री येणार आहेत," एवढंच उत्तर पुरतं.

५. कागद आधी, गाडी नंतर

गाडी एकदा आवडली की माणूस कागदांकडे डोळेझाक करतो. म्हणून निघण्याआधीच नंबर मागून घ्या आणि परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अॅपवर टाका. मालकाच्या नावाचा काही भाग, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फायनान्सचा बोजा आहे का, एवढं दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर थकलेला दंडही बघा. मी पाहिलेल्या तिसऱ्या गाडीवर बारा चलनं होती. मालक म्हणाला, "ते भरायचं नसतं हो." मग ते कोण भरणार, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

प्रत्यक्ष गेल्यावर आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चासी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. टॉर्च मारा, फडक्याने पुसा. आजूबाजूचा रंग वेगळा, घासल्यासारखा किंवा अक्षरं वरखाली दिसली तर चहा न पिता निघा.

इन्शुरन्सचा एक सापळा सगळ्यांनाच फसवतो. १ सप्टेंबर २०१८ नंतर विकल्या गेलेल्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सुरुवातीलाच घ्यावा लागतो. त्यामुळे "इन्शुरन्स चालू आहे" हे खरं असतं, पण तो बऱ्याचदा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, असतो. गाडीच्या नुकसानीचं कव्हर पहिल्या वर्षानंतर कुणी भरलेलंच नसतं. पॉलिसीचा कागद उघडून बघा. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीबरोबर तो तुमच्याकडे येत नाही.

दुसऱ्या राज्याची गाडी स्वस्त असते. दिल्ली पासिंगची थंडरबर्ड इथल्यापेक्षा बरीच कमी किमतीत मिळत होती. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं वहीच्या उजव्या रकान्यात लिहिलं आणि स्वस्ताई संपली. १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणीचा खर्च आणि पर्यावरण कर हेही त्याच रकान्यात.

२०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा. नसेल तर आरटीओतलं काम अडतं.

६. गाडी थंड असताना, उजेडात

सोबत न्या: टॉर्च, जुनं फडकं, पांढरा कागद, एक रुपयाचं नाणं, फोन चार्ज केलेला. वेळ सकाळी नऊच्या पुढची. रात्री पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक गाडी चकाकते.

पोचल्यावर नमस्कार झाला की पहिला तळहात इंजिनाजवळ न्या. ऊब लागली तर गाडी तुमच्या आधी सुरू केलेली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागतं का, लागल्यावर टकटक करतं का, सायलेन्सरमधून काय येतं, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि गरम इंजिन ते लपवतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते.

आता गाडीभोवती फिरा. क्रूझर जमिनीलगत असते, म्हणून तिचं खोटं खालूनच पकडता येतं. खाली पांढरा कागद पसरून दहा मिनिटं राहू द्या, थेंब पडला तर दिसेल. उकिडवं बसून सायलेन्सरची खालची बाजू, फूटरेस्टची टोकं आणि साइड स्टँडचा सांधा बघा. स्पीडब्रेकरला घासल्याचे ओरखडे प्रत्येक क्रूझरला असतात, ते माफ. पण एकाच बाजूचा फूटरेस्ट, क्लच किंवा ब्रेक लिव्हरचं टोक, हँडलचा गोळा आणि लेगगार्ड असं सगळं घासलेलं असेल तर गाडी त्या बाजूवर पडून सरकत गेलेली आहे. लेगगार्ड कोरा करकरीत आणि बाकी गाडी सहा वर्षांची असेल तर तोही प्रश्न विचारण्यासारखाच. मागे दहा पावलांवर उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. पुढून शॉकअपच्या दोन्ही नळ्या समांतर आहेत का बघा. नळ्यांवर बोट फिरवा, तेलाचा ओशट थर लागला तर ऑइल सील गेलेत.

टायरवर अंडाकृतीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांचं रबर कडक होतं, पावसाळ्यात घाटात ते कळतं. नक्षीत नाणं उभं करून दोन्ही बाजूंना खोली सारखी आहे का तपासा. नुसत्या मधल्या पट्ट्यावर झिजलेला टायर हायवे जास्त झाल्याचं सांगतो, एकाच कडेला झिजलेला असेल तर चाक नाहीतर चासी वाकडी असण्याची शंका घ्या.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून बोटाने ओढा. दातावरून बरीच उचलली गेली किंवा दात वाघनखासारखे वाकलेले दिसले तर पूर्ण चेनसेट बदलायचा.

किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, रबरावर ठेवा. मी पाहिलेल्या एका अॅव्हेंजरचं मीटर अकरा हजार दाखवत होतं आणि ब्रेकच्या पायखुंटीवरची नक्षी पार गुळगुळीत, ग्रिप चिकट, डिस्कला बोटाला लागेल एवढी कड पडलेली. अकरा हजारांत पायाने लोखंड असं झिजत नाही.

आता पाण्याची गोष्ट. पाचवी गाडी मला सगळ्यांत आवडलेली थंडरबर्ड. रंग नवा, सीट नवी, किंमत बाजारापेक्षा वीस हजारांनी कमी. मिस्त्रीमामा सोबत होते. त्यांनी काही न बोलता हेडलाइटचे स्क्रू सोडवले आणि काच पुढे ओढली. आत वाडग्याच्या तळाला तांबूस, वाळलेल्या गाळाची बारीक रेघ होती, कपात चहाचा डाग राहतो तशी. वायरींच्या कनेक्टरवर हिरवा थर. मामा म्हणाले, "ताई, ही पोहून आलीय."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या धुऊन-पुसून पुढे कुठेही विकल्या जाऊ शकतात, त्यामुळे नुसता नंबर बघून काही कळत नाही. हेडलाइटच्या आत, सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात गाळ शोधा. इंजिन ऑइल काचेच्या खिडकीतून दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या गाडीला पूर लागत नाही, खारी हवा पुरते. स्पोकची मुळं, टाकीच्या तळाची कड आणि सायलेन्सरचे सांधे बघा. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्चही मारा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे खूप दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून तांबूस होते.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेली गाडी असेल तर ओरिजनल हातात मिळाल्याशिवाय व्यवहार नको. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. शिवाय नवीन ओरिजनल घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतात.

७. चालवून बघा, पण रिकाम्या रस्त्यावर

लायसन्स आणि हेल्मेट न्या. विकणाऱ्याकडे ओळखपत्र ठेवावं लागलं तर ठेवा, आरसी मात्र तुमच्या खिशात पाहिजे.

सुरू करण्याआधी, मेन स्टँड असेल तर पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं थांबलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. मग अंतर कापा, पाच-सहा किलोमीटर तरी. चाळीसच्या वेगाला, सरळ सपाट रस्त्यावर, हँडलवरची पकड सैल करा, सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते हाताला कळतं. क्लच हळूहळू सोडताना गाडी कधी उचलते? अगदी शेवटी उचलत असेल, किंवा चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट बदलायला आली. सिग्नलला उभं असताना न्यूट्रल मिळतं का? एक यू-टर्न घ्या. क्रूझर लांब असते, तिला पुण्यातल्या गल्लीत वळवताना पाय टेकतात ते तिथेच कळू दे. मागे कुणाला तरी बसवून एक फेरी मारा. मी दोन गाड्यांच्या वेळी आईलाच नेलं. एकीवरून उतरताना ती म्हणाली, "ही सीट म्हणजे घसरगुंडी आहे." ते मी वहीत जसंच्या तसं लिहिलं.

८. मिस्त्री तुमचा असावा

विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको, आणि 'मित्राला गाड्यांतलं कळतं' हेही पुरेसं नाही. तुम्ही घेणार त्याच गाडीवर रोज हात चालणारा माणूस शोधा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी सांगून ठरवून न्या. आमच्या मामांनी पाचशे रुपये घेतले आणि त्या एका गाळाच्या रेघेत माझे सत्तर हजार वाचवले.

९. हिशेब आणि घासाघीस

शेवटी माझ्याकडे दोन मिटिओर उरल्या, दोन्ही २०२१ च्या.

पहिलीचा भाव १,३८,०००. उजवा रकाना: टायर जोडी ९,०००, चेनसेट ४,५००, शॉकअपचे सील १,८००, बॅटरी २,०००, इन्शुरन्स २,५००, ओरिजनल सायलेन्सर हरवलेला १२,०००. बेरीज ३१,८००. म्हणजे रस्त्यावर ती १,६९,८०० ला.

दुसरीचा भाव १,५२,०००. मागचा टायर ५,०००, ब्रेक पॅड ७००, सर्व्हिस २,५००. रस्त्यावर १,६०,२००.

चौदा हजारांनी महाग दिसणारी गाडी साडेनऊ हजारांनी स्वस्त निघाली. ती एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याची, रंगाला दोन-तीन खरचटं, टाकीवर छोटा पोचा. सर्व्हिसची सगळी बिलं मात्र एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावलेली. पहिलीचा रंग आरशासारखा होता आणि बिल एकही नाही.

घासाघीस करताना "कमी करा ना" म्हणू नका. वहीचं पान समोर ठेवा आणि एकेक ओळ वाचा. काका म्हणाले, "टायरचं मान्य, सर्व्हिसचं निम्मं." १,४६,००० वर हात मिळवले. पोच्याचे पैसे मी मागितलेच नाहीत. पोचा असलेल्या गाडीचा मला फायदाच होता, पार्किंगमध्ये पहिला ओरखडा पडल्यावर रडावं लागत नाही.

१०. पैसे देताना, नावावर करताना

टोकन द्यायचं तर थोडं, ऑनलाइन, आणि मेसेजमध्ये गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि 'कागदांत अडचण आल्यास परत' हे शब्द लिहून. बाकीची रक्कम बँकेतून, मालकाच्याच खात्यावर. भावाच्या, मित्राच्या, दुकानाच्या खात्यावर पैसे देऊ नका.

त्या दिवशी हातात हवं ते असं:

- मूळ आरसी, पीयूसी, इन्शुरन्स पॉलिसी
- मालकी बदलाचे फॉर्म: फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, तुमचं नाव-पत्ता भरलेले, दोघांच्या सह्यांसह
- लोन होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते का, हे तुमच्या आरटीओत आधी विचारून
- दोघांचे आधार, पॅन, फोटो, तुमच्या पत्त्याचा पुरावा
- साध्या कागदावर विक्रीची पावती: तारीख, वेळ, रक्कम, मीटरचा आकडा
- दुसरी चावी, टूलकिट, साडी गार्ड, सर्व्हिसची बिलं

पावतीवर वेळ लिहायची, कारण सकाळी अकराला कॅमेऱ्याने टिपलेलं चलन त्यांचं की तुमचं, हे त्या वेळेवरून ठरतं.

एक सापळा हल्ली वाढलाय. ऑनलाइन अर्जात ओटीपी जातो तो वाहनच्या नोंदीत असलेल्या मालकाच्या मोबाइलवर. नोंदीत बंद पडलेला नंबर असेल तर अर्ज तिथेच थांबतो. पैसे देण्याआधी त्यांच्याकडून नंबर अपडेट करून घ्या.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "सावकाश करा नावावर" म्हणणारा मालक सोयीचा वाटतो, पण दोघांचीही मान अडकते. कायद्याप्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार. आरटीओत यायला कंटाळा करणाऱ्या काकांना मी एवढंच सांगितलं आणि ते दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. सरकारी फी काही शेकड्यांत असते, एजंट हजारांत सांगतो. वेळ नसेल तर एजंट करा, पण पावत्या मागून घ्या.

११. पहिला आठवडा

कितीही ताजं बिल असलं तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला. ब्रेक फ्लुइडचा रंग चहासारखा असेल तर तेही. चेन साफ करून ताण बघा, टायरची हवा दोघं बसण्याच्या हिशेबाने भरा. हँडल आणि लिव्हर तुमच्या हाताला लावून घ्या. माझ्या गाडीचा क्लच लिव्हर काकांच्या लांब बोटांसाठी लावलेला होता. मामांनी दोन मिनिटांत केबलचा नट फिरवला आणि त्या दोन मिनिटांत गाडी निम्म्याने हलकी झाली.

नावावर झाल्याचा मेसेज एकोणीस दिवसांनी आला. तोवर मी काकांकडून घेतलेल्या पावतीची एक प्रत सीटखाली, त्यांच्याच त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. पिशवी अजून तिथेच आहे, आता माझी बिलंही तारखेनुसार तिच्यातच जातात.